मालमत्तागुरूंची पत

शेअर घ्यावा की विकावा हे पैसे घेऊन सांगायचे असेल तर सेबीकडे नोंदणी करावी लागते. नव्या प्रकल्पातल्या फ्लॅटचा व्यवहार जुळवून दलाली घ्यायची असेल तर महारेराकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी आता परीक्षाही द्यावी लागते. पण ‘फ्लॅट आणि प्लॉट घेऊन श्रीमंत कसे व्हावे’ हे शिकवायला काहीच लागत नाही. हॉटेलचे एक सभागृह, एक पडदा, एक माइक आणि सांगण्यासारखी एक गोष्ट पुरते: काल मी कफल्लक होतो, आज माझ्या नावावर इतकी घरे आहेत.

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरकडे हा धंदा आता चांगला रुजला आहे. सुरुवातीचा वेबिनार जवळपास फुकट असतो, त्यानंतर काही हजारांचे शिबिर आणि शेवटी लाखाच्या घरातले ‘मार्गदर्शन’. शिकवणाऱ्यांत काही जण खरोखर जाणकार आहेत, काही अर्धवट आहेत आणि काही निव्वळ भूलथापा देणारे. समोर बसलेल्या माणसाने यांच्यातला फरक कशावरून ओळखायचा? आपल्याकडचा अनुभव अजून कोवळा आहे. अमेरिकेत मात्र या धंद्याला साठ वर्षे उलटून गेली आहेत. तिथल्या गुरूंची पुस्तके, त्यांच्यावरचे खटले, सरकारी कारवाया आणि संशोधकांची आकडेवारी असे सगळे कागदावर उपलब्ध आहे. म्हणून आधी तिकडचा हिशेब पाहू आणि मग आपल्याकडे वळू.

पुस्तकाकडून सभागृहाकडे

या परंपरेतले पहिले मोठे नाव विल्यम निकर्सन. कॅलिफोर्नियातल्या या घरमालकाचे पुस्तक १९५९ मध्ये आले. हजार डॉलरपासून सुरुवात करून फावल्या वेळात दहा लाख कसे केले, हे त्याच्या नावातच होते. आत मात्र कष्टाचा ऐवज होता: पडीक इमारत कशी निवडावी, रंगरंगोटी आणि दुरुस्ती कुठे फायद्याची, भाडेकरू कसे सांभाळावेत, वाढलेल्या भाड्याच्या जोरावर इमारत विकून मोठी इमारत कशी घ्यावी. निकर्सन यांची पद्धत संथ होती आणि ती वाचकाला पुस्तकाच्या किमतीत मिळत होती.

१९८० मध्ये रॉबर्ट अ‍ॅलन यांचे ‘नथिंग डाउन’ आले आणि सूर बदलला. स्वतःचा एक पैसा न घालता मालमत्ता घेता येते, हे त्यांचे सांगणे होते. आपल्याला एखाद्या अनोळखी शहरात शंभर डॉलर देऊन सोडा, बहात्तर तासांत मालमत्ता घेऊन दाखवतो, अशी त्यांची बढाई होती. लॉस एंजेलिस टाइम्सने आव्हान दिले, बातमीदार सोबत पाठवला आणि १९८१ मध्ये अ‍ॅलन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सत्तावन्न तासांत सात मालमत्तांचे सौदे करून पैज जिंकली. ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या जाहिरातींत वापरली गेली.

पण पैज नेमकी कशाची होती ते पाहिले पाहिजे. ती खरेदीची होती, नफ्याची नव्हती. विकणारा अडलेला असेल आणि किमतीचा मोठा भाग उधारीवर ठेवायला तयार असेल तर पैशाशिवाय खरेदी होऊ शकते. त्या उधारीचे हप्ते भाड्यातून निघतात का, पाच वर्षांनी हातात काय उरते, हे सत्तावन्न तासांत कळण्यासारखे नव्हते. पुढे अ‍ॅलन यांच्यावरच दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ आली. गुरूंच्या दाव्यांमधली सर्वांत मोठी मेख इथेच आहे. त्यांचे प्रात्यक्षिक बहुतेकदा खरेच असते, फक्त सिद्ध झालेली गोष्ट वेगळी असते आणि ऐकणाऱ्याने गृहीत धरलेली वेगळी.

१९८४ मध्ये अमेरिकी सरकारने दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा काढून टाकली. रात्री उशिरा अर्धा-अर्धा तास चालणाऱ्या जाहिराती सुरू झाल्या आणि मालमत्तागुरू त्यांतले ठळक चेहरे बनले. बोटी, बंगले, तलावाकाठी बसून साक्ष देणारे शिष्य अशी त्यांची मांडणी ठरून गेली. १९९७ मध्ये रॉबर्ट कियोसाकी यांचे ‘रिच डॅड पुअर डॅड’ आले. त्याची मराठी आवृत्ती आज रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानांतही दिसते. २००५ मध्ये ‘ट्रम्प युनिव्हर्सिटी’ सुरू झाली. त्यानंतर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम आले, तेव्हा जाहिरातीची वेळ विकत घेण्याचीही गरज उरली नाही.

न्यायालयाच्या कागदांतून दिसणारा नकाशा

गुरूंच्या दाव्यांची सर्वांत कसून तपासणी झाली ती न्यायालयांत. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने २००९ मध्ये जॉन बेक यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाविरुद्ध दावा लावला. कर थकल्यामुळे सरकार ज्या घरांचा लिलाव करते ती कवडीमोलाने आणि कर्जमुक्त मिळतात, असे त्यात सांगितले जाई. संच साधारण चाळीस डॉलरचा, म्हणजे फसलो तरी कुणी फारसे हळहळणार नाही असा. खरी कमाई त्यानंतर फोनवरून गळ्यात मारल्या जाणाऱ्या हजारो डॉलरच्या ‘वैयक्तिक मार्गदर्शना’त होती. आयोगाच्या म्हणण्यानुसार ही आणि हिच्या जोडीच्या योजना मिळून दहा लाखांच्या आसपास ग्राहकांनी घेतल्या आणि जवळजवळ सगळ्यांचे पैसे बुडाले. २०१२ मध्ये न्यायालयाने सुमारे ४७.८ कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला.

ट्रम्प युनिव्हर्सिटीची रचना याहून शिस्तबद्ध होती. दीड तासाचे फुकट व्याख्यान, मग १,४९५ डॉलरचे तीन दिवसांचे शिबिर आणि वर ३४,९९५ डॉलरचा ‘गोल्ड एलिट’ कार्यक्रम. शिक्षक ट्रम्प यांनी स्वतः निवडलेले आहेत असे जाहिरातीत होते. पुढे झालेल्या खटल्यांतल्या शपथेवरच्या जबानीत मात्र ही निवड आपण केली नसल्याचे त्यांना मान्य करावे लागले. विक्रीसाठी कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचनापुस्तिका २०१६ मध्ये न्यायालयाने खुल्या केल्या. समोरच्याकडे किती पैसे आहेत ते कसे काढून घ्यावे आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणणाऱ्याला कसे वळवावे, याचा त्यांत बारीक तपशील होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यानंतर, ट्रम्प यांनी या खटल्यांत कोणताही दोष कबूल न करता अडीच कोटी डॉलरची तडजोड केली.

कियोसाकी यांच्या नावाने चालणारी शिबिरे परवाना घेतलेली दुसरीच कंपनी घेत असे. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २०१० मध्ये छुप्या कॅमेऱ्याने ती टिपली. पाचशे डॉलरच्या शिबिरात ४५ हजार डॉलरपर्यंतचे पुढचे वर्ग विकले जात होते आणि उपस्थितांना क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला सांगितले जात होते. २०१२ मध्ये कियोसाकी यांची एक कंपनी दिवाळखोरीत गेली, तीही शिबिरांचे आयोजन करणाऱ्या एका संस्थेला सुमारे २.४ कोटी डॉलर देण्याचा निकाल विरोधात गेल्यावर. घरे घेऊन विकण्याच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांतल्या प्रसिद्ध चेहऱ्यांचा वापर करणाऱ्या ‘झुरिक्स’ आणि ‘नज’ या युटामधल्या कंपन्यांवर व्यापार आयोग आणि युटा राज्य यांनी २०१९ मध्ये दावे लावले. तिथेही तोच जिना: फुकट सभा, हजार-दोन हजार डॉलरचे शिबिर आणि त्यापुढे हजारो डॉलरचे वर्ग.

या सगळ्या प्रकरणांतली माणसे वेगळी, शहरे वेगळी, तरी घडण एकच आहे. पहिली पायरी जवळपास फुकट, कारण तिचे काम शिकवण्याचे नसून पुढच्या पायरीचा ग्राहक निवडण्याचे असते. खरे गुपित नेहमी वरच्या पायरीवर ठेवलेले असते. निर्णय त्याच दिवशी, त्याच सभागृहात घ्यायचा असतो. आणि पैसे नसतील तर कर्ज काढून फी भरायची असते, तेही कर्जाचा ‘चांगला’ उपयोग शिकण्यासाठी. अशा रचनेत शिकवणारा चांगला असला तरी त्याचे हित विद्यार्थ्याच्या नफ्यात नसते, पुढच्या वर्गाच्या नोंदणीत असते.

गुरूंची बाजू

एवढ्यावरून सगळ्यांना एका काठीने हाणणे मात्र न्यायाचे नाही. गुरूंच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला मुद्दा असा की घर हा बहुतेकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार आणि त्याचे शिक्षण कुठल्याही शाळेत मिळत नाही. करारनामा कसा वाचावा, कर्जाची परतफेड कशी चालते, भाडेकराराची नोंदणी का करावी, हे कुणीतरी सोपे करून सांगितले तर त्याची फी घेण्यात गैर काही नाही. दुसरा मुद्दा प्रेरणेचा. ज्या वस्तूमुळे खिशात पैसे येतात आणि जिच्यामुळे खिशातून जातात त्यांत फरक करा, ही कियोसाकी यांची शिकवण हिशेबशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरत नाही, पण तिने हजारो पगारदार माणसांना स्वतःच्या जमाखर्चाकडे पाहायला लावले हे नाकारता येणार नाही. तिसरा मुद्दा: व्यायामशाळेत नाव घालून न जाणाऱ्याचे वजन उतरले नाही तर दोष व्यायामशाळेचा नाही.

हा तिसरा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो गुरूंच्याच दाव्याच्या मुळावर येतो. ‘कुणालाही जमेल’ असे सांगून फी घ्यायची आणि जमले नाही की ‘सगळ्यांना जमत नाही’ म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येत नाहीत. शिवाय मंचावर उभे राहून साक्ष देणारे दहा शिष्य किती जणांतून आले, हे कधीच सांगितले जात नाही. हजारांनी वर्ग केला आणि बाजार तेजीत असला, तर काहीही न शिकता त्यांतल्या बऱ्याच जणांना नफा झालाच असता. तेजीच्या काळात गुरू घडतात आणि मंदी आली की वर्गांचे विषय बदलतात. २००८ पूर्वी अमेरिकेत ‘घ्या आणि विका’ शिकवणारे नंतर ‘जप्तीतली घरे कशी घ्यावीत’ हे शिकवू लागले.

टीकाकाराचीही झडती

अमेरिकेत या गुरूंची पद्धतशीर छाननी करणाऱ्यांत जॉन टी. रीड हे नाव महत्त्वाचे. लष्करी अकादमी आणि हार्वर्डमधून शिकलेल्या, स्वतः भाड्याच्या इमारती चालवलेल्या या माणसाने गुरूंची यादीच केली आणि एकेकाचे दावे तपासून शेरे मारले. कियोसाकी यांच्यावरची त्यांची टीका विशेष गाजली. पुस्तकातले ‘श्रीमंत बाबा’ खरोखर होते का, सांगितलेले सौदे कोणत्या तारखेचे, कोणत्या पत्त्यावरचे, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. कियोसाकी यांनी २००३ मधल्या एका मुलाखतीत ‘रिच डॅड’ला हॅरी पॉटरसारखे मिथक राहू द्यावे असे सुचवले, तेव्हा रीड यांचा प्रश्न किती रास्त होता ते दिसले.

पण रीडही मालमत्तेवरची पुस्तके आणि वार्तापत्र विकत होते. ज्यांच्यावर टीका केली त्यांचे ते स्पर्धकच होते. म्हणून त्यांचे शेरे जसेच्या तसे घेण्यापेक्षा त्यांची रीत उचलावी: दावा नेमका काय आहे ते लिहा, तो कोणत्या कागदाने सिद्ध होईल ते ठरवा आणि तो कागद मागा. माणूस आवडतो की नाही, याचा या रीतीशी संबंध येत नाही. प्रतिस्पर्ध्यानेही ती प्रामाणिकपणे वापरली तर तिचे उत्तर बदलत नाही.

घराचा परतावा: संशोधन आणि हिशेब

गुरू खरे की खोटे यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो त्यांच्या मूळ विधानाचा: मालमत्तेत पैसा खरोखर वाढतो का? या प्रश्नावर चांगले संशोधन उपलब्ध आहे. अर्थतज्ज्ञ जोर्दा, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८७० ते २०१५ या काळातली सोळा प्रगत देशांची आकडेवारी तपासली. महागाई वजा जाता घरांचा सरासरी वार्षिक परतावा सुमारे सात टक्के निघाला, शेअरांच्या बरोबरीचा आणि चढउतार त्यांच्याहून कमी.

गुरूंसाठी ही मेजवानीच आहे, पण ती अर्धीच वाढली जाते. या परताव्याचा मोठा भाग भाड्याचा होता, किमतीतल्या वाढीचा वाटा लहान होता. नोबेल पारितोषिक मिळवलेले रॉबर्ट शिलर यांनीही दाखवले आहे की महागाई वजा केली तर अमेरिकेतल्या घरांच्या किमती विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात फारशा वाढल्या नाहीत. आपल्या महानगरांत भाड्याचे उत्पन्न घराच्या किमतीच्या दोन ते चार टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ज्या आधारावर तिकडचा परतावा उभा आहे तो खांब इथे बारीक आहे. शिवाय तो अभ्यास देशभराच्या घरांची सरासरी सांगतो, आपण मात्र एका गल्लीतला एक फ्लॅट घेतो.

आता सभागृहात नेहमी ऐकू येणारे वाक्य घेऊ: ‘दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे शंभर टक्के नफा.’ समजा पुण्यात बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. पाच टक्के जीएसटीचे ३ लाख. सोयीसाठी सगळे पैसे पहिल्याच दिवशी गेले असे धरू, तर खरी खरेदी ६७ लाख ५० हजारांची झाली. दहा वर्षांनी तो १ कोटी २० लाखांना विकला आणि एक टक्का दलाली दिली, तर वार्षिक वाढ सहा टक्क्यांहूनही थोडी कमी पडते. नव्या घरात पैसे गुंतवून सवलत घेतली नाही आणि भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर भरला, तर ती पाचच्या थोडी वर उरते. यात भाडे मिळवायचे आहे, पण सोसायटीची देखभाल, मिळकतकर, रिकामे गेलेले महिने आणि ताबा लांबल्याची वर्षे वजा करायची आहेत. घर घेणे चूक आहे असे या हिशेबाने सिद्ध होत नाही. ‘शंभर टक्के’ या शब्दांखाली काय दडते, तेवढे मात्र उघड होते.

‘बँकेच्या पैशावर श्रीमंत व्हा’ या मंत्राची कथाही अशीच. कर्जाने नफा वाढतो हे खरे, पण मालमत्तेचा एकूण परतावा व्याजदरापेक्षा जास्त असेल तरच. तो कमी असेल तर कर्ज तोटा वाढवते. वर काढलेल्या आकड्यांत निव्वळ भाडे मिळवा, समोर गृहकर्जाचा दर ठेवा, म्हणजे ही कसरत किती निसरड्या जागी चालली आहे ते दिसेल.

तिकडचे तंत्र, इकडची जमीन

अमेरिकी गुरूंचे बरेचसे तंत्र तिथल्या कायद्यावर उभे आहे. तीस वर्षे न बदलणारा व्याजदर, एक मालमत्ता विकून दुसरी घेताना कर पुढे ढकलण्याची सोय, विक्रेत्यानेच कर्ज देण्याची रूढ पद्धत. हे सगळे भाषांतर करून इथे आणले की त्याची हाडे ढिली होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांवरच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्के आणि ७५ लाखांवर ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरता येत नाही. वरच्या ६० लाखांच्या फ्लॅटसाठी खिशातले १२ लाख आणि शिवाय मुद्रांक-नोंदणीचे साडेचार लाख लागणारच. ‘शून्य भांडवलात घर’ म्हणणारा गुरू एकतर हा नियम जाणत नाही किंवा उरलेल्या रकमेसाठी वैयक्तिक कर्ज काढायला सुचवत असतो.

जमिनीचे तर शास्त्रच वेगळे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, ही कूळकायद्याच्या कलम ६३ची अट आहे. तरी ‘दोन-दोन गुंठे घेऊन ठेवा, रस्ता झाला की सोने’ असे सांगणारे कमी नाहीत. तुकडेबंदी लागू असेल तिथे असे गुंठे सातबाऱ्यावर चढायला अडचण येते आणि सामायिक नाव लागून पुढच्या पिढीच्या हातात वाद येतो. रिंगरोड, विमानतळ, महामार्ग यांच्या आखणीचे नकाशे पडद्यावर दाखवणे सोपे असते. त्या गटातली जमीन बिनशेती झाली आहे का, वारस किती, फेरफार कुठे अडला आहे, हे तलाठ्याच्या दप्तरात आणि वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्येच कळते.

आपल्याकडचा सर्वांत प्रचलित प्रकार मात्र अमेरिकेहून वेगळा आहे. इथे पुष्कळ गुरूंचे उत्पन्न फीपेक्षा बिल्डरकडून येते. वर्गातल्या तीस-चाळीस जणांना ‘समूह सवलत’ मिळवून देतो म्हणून एका प्रकल्पात नेले जाते आणि प्रत्येक बुकिंगमागे मोबदला मिळतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचाच हा प्रकार. रेरा कायद्यानुसार असा मोबदला घेऊन व्यवहार जुळवणारा एजंट ठरतो, त्याला कलम ९ प्रमाणे नोंदणी करावी लागते आणि ती नसेल तर तो दंडाला पात्र होतो. महारेरात नोंद न झालेल्या प्रकल्पाची जाहिरात किंवा बुकिंग कलम ३ने मना केले आहे आणि अशा प्रकल्पात विक्रीला मदत करणे एजंटलाही निषिद्ध आहे. ‘प्री-लाँचचा भाव फक्त आपल्या ग्रुपला’ हे वाक्य ऐकले की एवढे आठवावे.

आणखी एक वाट सर्वांत धोक्याची: ‘आपण सगळे मिळून जमीन घेऊ, विकली की वाटून घेऊ.’ लोकांचे पैसे एकत्र करून त्यांच्या वतीने चालवणे ही सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि त्यासाठी सेबीची परवानगी लागते. शेतजमिनीच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएलला सेबीने २०१४ मध्ये सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले होते. महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांनी त्यात वर्षानुवर्षे हप्ते भरले होते. एकत्र येऊन व्यापारी मालमत्तेत पैसे घालण्याचा कायदेशीर मार्ग आता आहे. सेबीने २०२४ मध्ये लहान व मध्यम ‘रीट’चे, म्हणजे मालमत्तेत पैसे घालणाऱ्या गुंतवणूक न्यासांचे, नियम केले, त्यात किमान गुंतवणूक दहा लाखांची आहे. त्याहून कमी रकमेत ‘भागीदारी’ देऊ करणाऱ्याकडे आधी परवानगीचा क्रमांक मागावा.

शेअर बाजारात शिक्षण आणि सल्ला यांच्यामधली रेघ सेबीने अलीकडे ओढायला घेतली आहे. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने वर्ग घेणाऱ्यावर २०२३ मध्ये अंतरिम आदेश निघाला, त्यात शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला दिल्याचे कारण होते आणि सुमारे १७ कोटी रुपये जमा करायला सांगितले गेले. २०२५ च्या जानेवारीत आणखी एक पाऊल पडले: शिकवणाऱ्यांनी उदाहरणासाठी किमान तीन महिने जुनेच भाव वापरावेत. मालमत्तेच्या वर्गांना अशी रेघ नाही. अमेरिकेत निदान एक दार उघडले आहे. मालमत्तागुरू ग्रँट कार्डोन यांच्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात २०२२ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने म्हटले की समाजमाध्यमांवरून केलेले आवाहनही गुंतवणूक विकण्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि त्याची जबाबदारी टळत नाही.

पत मोजायची कशी?

हा सारा पसारा पाहिल्यावर एक गोष्ट पक्की होते. गुरूची गाडी, त्याचे अनुयायी, त्याने लिहिलेली पुस्तके, मंचावरचे पाहुणे यांतून काहीही सिद्ध होत नाही. बेक यांच्याकडे ग्राहक होते, ट्रम्प यांच्याकडे मनोरे होते, अ‍ॅलन यांनी तर जाहीर पैज जिंकली होती. उपयोगी पडतो तो एकच प्रश्न: या माणसाचे पैसे येतात कुठून, आणि सल्ला चुकला तर त्याचे काय जाते?

पैसे मुख्यतः स्वतःच्या घरांच्या भाड्यातून येत असतील तर तो निकर्सनच्या जातीचा, आणि असा माणूस सहसा पुस्तकाच्या किमतीत किंवा बेताच्या फीमध्ये सगळे सांगून टाकतो. ‘इतकी घरे’ हा दावा तपासायला त्याने स्वतःच्या दोन-चार खरेद्यांचे ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणी कार्यालयाचे उतारे, दाखवावेत. खरी खरेदी झाली असेल तर तो कागद असतोच. सोबत कर्जाची शिल्लक आणि मिळालेले भाडे विचारावे, कारण पन्नास घरे पन्नास कर्जांवरही उभी असू शकतात. पैसे वर्गांच्या फीतून येत असतील तर तो शिक्षक आहे. मग शिक्षकाला विचारायचे प्रश्न त्यालाही विचारावेत: अभ्यासक्रम आधी दाखवता का, फी परत करण्याची लेखी अट काय, मागच्या तुकडीतल्या किती जणांनी काय केले? पैसे बिल्डरकडून येत असतील तर तो विक्रेता आहे, त्याचा महारेरा क्रमांक आणि मोबदल्याचा आकडा मागावा. पैसे आपल्याच खिशातून एकत्र होत असतील तर तो निधी चालवतो आहे आणि सेबीचा कागद नसेल तर तिथून उठावे.

ही तपासणी दाव्यागणिक करायची असते. एकच गुरू भाडेकरार शिकवताना उत्तम आणि भावाचे भाकीत करताना निरुपयोगी असू शकतो. म्हणून ‘हा खरा की खोटा’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. करारनामा, ताब्याची तारीख, प्रकल्पावरचे दावे हे सगळे महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते आणि जमिनीचा सर्च रिपोर्ट काही हजारांत मिळतो. शिबिराची फी भरण्याआधी या दोन गोष्टी केलेल्या माणसाला गुरूची गरज निम्म्याने कमी होते.

उरलेले काम सरकारचे आहे. दलालाला परीक्षा आणि त्याच दलालाला शिकवणी घेताना मोकळीक, ही विसंगती फार काळ चालू देण्यात अर्थ नाही. मालमत्तेत गुंतवणूक शिकवणाऱ्या प्रत्येकाने बिल्डरकडून मिळणारा मोबदला जाहिरातीतच छापावा, यशोगाथा सांगताना एकूण विद्यार्थ्यांची संख्या सांगावी आणि सभागृहात घेतलेली फी ठरावीक दिवसांत विनाअट परत करण्याची सोय ठेवावी. महारेराने एवढे तीन नियम केले तर खऱ्या शिक्षकांचे काहीच बिघडणार नाही. ज्यांचे बिघडेल, ते कोण आहेत हेही त्यातून आपोआप कळेल.